खुलासा मोठ्या बाईंकडून मागितलात, देतोय मी

मा. साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना आपल्या कार्यालयाकडून कारणे दाखवा नोटीस आली. 'शालेय पोषण आहाराची दैनंदिन माहिती विहित वेळेत भरलेली नाही. याबाबतचा लेखी खुलासा 24 तासांत सादर करावा, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.' बाईंनी चार ओळींचा खुलासा लिहिला, जावक क्रमांक टाकला आणि वेळेत पोहोचवला. त्याहून जास्त त्यांना लिहिता येणार नाही, नोकरी आहे. मला येईल. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, पालक आहे आणि माझा पगार तुमच्या सहीने निघत नाही.

शाळेचं, बाईंचं आणि तुमच्या कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण एका साहेबाशी नाहीच. उद्या तुमची बदली होईल, नवे साहेब येतील, आणि हीच नोटीस तारीख बदलून दुसऱ्या कुठल्या तरी बाईंच्या टेबलावर पडेल. म्हणून पत्र उघडं लिहितोय. बाकीच्या शाळांच्या पालकांनीही वाचावं.

आधी मी कोण ते सांगतो. मी कटिंग मास्टर आहे. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत असते, पण शाळेचे गणवेश इथे किती शिवले जातात ते गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. माझ्या हाताखालून रोज कुठल्या ना कुठल्या शाळेच्या शर्ट-पँटचं कापड जातं. घरी आम्ही तेलुगू बोलतो. आई विड्या वळायची, वडील मागावर होते. शिकलो मराठीत, याच शाळेत, पुढे दहावीपर्यंत दुसरीकडे. माझी धाकटी मुलगी आता याच शाळेत पाचवीला आहे आणि पाचवीचा वर्ग मोठ्या बाईंकडेच आहे. म्हणजे बाईंचा वेळ कुठे जातो हा माझ्या घरचा प्रश्न आहे.

नोटीस ज्या दिवसाबद्दल आहे त्या दिवशी मी योगायोगाने शाळेतच होतो. नळाच्या दुरुस्तीच्या चेकवर अध्यक्षाची सही लागते, त्यासाठी बोलावलं होतं. मार्चचा दुसरा आठवडा. आमच्याकडचं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको. पोरं ताटं घेऊन रांगेत बसायला लागली होती आणि पहिलीतल्या एका मुलीचा घोळणा फुटला. पांढऱ्या शर्टाचा पुढचा भाग बघता बघता लाल झाला. बाकीच्या पोरांनी एकच गलका केला. मदतनीस मावशी फोडलेला कांदा घेऊन धावल्या, 'म्याडम, हुंगवा ओ, हुंगवा.' बाईंनी कांदा बाजूला ठेवला. मुलीला खुर्चीवर ताठ बसवलं, मान जराशी पुढे वाकवली आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला. मी म्हटलं, आडवं करू का? 'नको, रक्त घशात जाईल. तुम्ही फक्त घड्याळ बघा, दहा मिनिटं झाली की सांगा.' ती मुलगी तोंडाने श्वास घेत मधूनच 'अम्मा, अम्मा' करत होती. बाई तिच्याशी मोडक्या तेलुगूत बोलत होत्या. त्यांचं तेलुगू भयंकर आहे, पण मुलगी एकदा हसली.

दहा मिनिटं झाली, थांबलं नाही. परत दहा. आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली, तिच्याकडे फोन नाही. बाप मागावर, आणि मागाच्या खटखटीत खिशातला फोन वाजलेला कुणाला ऐकू येतो? शेवटी बाईंनी पाचवीचा वर्ग दुसरीच्या बाईंवर सोपवला, मुलीला कडेवर घेतलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला. मीही सोबत गेलो. काळजीचं काही निघालं नाही. मुलीला घरी पोचवून, शेजारणीच्या ताब्यात देऊन परत यायला पावणेतीन झाले. बाईंचा मोबाइल तोवर टेबलाच्या खणातच होता. उघडला तर तुमच्या कार्यालयाचे तीन निरोप: 'माहिती अद्याप अप्राप्त', 'तात्काळ', आणि तिसरा नुसताच शाळेच्या नावापुढे लाल फुलीचा. तीन वाजून दहा मिनिटांनी बाईंनी माहिती भरली. पदराला रक्ताचे डाग तसेच होते.

हा झाला खुलासा. आता तक्रारी.

पहिली गोष्ट. जेवणाची माहिती उशिरा भरली, जेवण उशिरा झालेलं नाही. त्या दिवशी 131 मुलं हजर होती. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य धरतात, म्हणजे 13 किलो 100 ग्रॅम तांदूळ. तो सकाळी बाईंनी स्वतः काट्यावर मोजून दिला होता. खिचडी चाखून चवीच्या वहीत सही केली होती. मग पोरं जेवली. एकही उपाशी राहिलं नाही. तुमच्या पडद्यावर मात्र आमची शाळा लाल दिसली. पडदा बघून नोटीस काढायच्या आधी एक फोन केला असता, तर मावशींनी उचलला असता. काय झालं ते त्यांनी सोलापुरी भाषेत नीट समजावून सांगितलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त लांबीची आहे. मोठ्या बाई मुख्याध्यापिका नाहीत. त्या प्रभारी आहेत. म्हणजे काम मुख्याध्यापकाचं, सही मुख्याध्यापकाची, नोटीस मुख्याध्यापकाला आणि पद शिक्षकाचं. शिवाय एक वर्ग पूर्णवेळ गळ्यात. शाळेला ना लिपिक, ना शिपाई. पाच शिक्षकांची मान्यता आहे, त्यातली एक जागा दीड वर्ष रिकामी, म्हणजे चौघं मिळून पाच वर्ग सांभाळतात. त्यातल्या एका सरांकडे मतदार याद्यांचं काम.

असं का, हे मी विचारत गेलो तेव्हा कळलं की सगळं नऊ मुलांवर अडलंय. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याला जोडलेली अनुसूची मी वाचली. पहिली ते पाचवीला 121 ते 200 मुलं असतील तर पाच शिक्षक, आणि पट दीडशेच्या वर गेला की त्याशिवाय एक मुख्याध्यापक, असं त्यात सरळ लिहिलंय. आमच्या हजेरीपटावर 152 नावं आहेत. पण संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करताना, आधार जुळलेलीच मुलं मोजली गेली, ती भरली 143. पद गेलं.

ही नऊ मुलं बोगस नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन आलो आहे. आमच्या लोकांत आडनाव आधी लिहायची पद्धत. आधारवाल्याने कधी तेच नाव धरलं, कधी बापाचं नाव आडनावाच्या जागी घातलं, आणि शाळेच्या रजिस्टरला नाव मराठी पद्धतीने. एका मुलाचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे. दोघांच्या जन्मतारखा चुकल्यात. पाच वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते चौघांचे राहिलेत. दुरुस्तीला जायचं म्हणजे आईची एक दिवसाची विडी बुडते. हजार विड्या वळल्या तर त्या हिशेबाने पैसे मिळतात, रांगेत उभं राहण्याचे मिळत नाहीत. एकदा जाऊन 'आज सर्व्हर बंद आहे' ऐकून आलेली बाई दुसऱ्यांदा जात नाही, आणि मी तिला दोष देणार नाही.

घोळणा फुटलेली ती मुलगी या नवांपैकीच एक. तिला दवाखान्यात न्यायला मुख्याध्यापक लागला, पण मुख्याध्यापकाचं पद ठरवताना तिला मोजलेलं नाही.

तिसरी गोष्ट, माहिती. हा शब्द आता शाळेत शिवीसारखा वापरतात. मी बाईंना म्हटलं, एका आठवड्यात किती माहिती मागतात ते मला दाखवा. सोमवार ते शनिवार मिळून 23 निरोप निघाले. त्यातल्या नऊ निरोपांत तेच विचारलं होतं जे आधीच कुठल्या तरी पोर्टलवर भरलेलं आहे: मुलं किती, मुली किती, जातीनिहाय किती, वर्गखोल्या किती, शौचालयं चालू किती. यू-डायस नावाच्या सरकारी पोर्टलवर एकेका मुलाची माहिती भरायची, सरल नावाच्या दुसऱ्या पोर्टलवर भरायची, आहाराची वेगळी, आणि तीच पुन्हा कागदावर सही-शिक्क्यानिशी केंद्रावर न्यायची. एक निरोप असा होता: 'शाळेच्या आवारातील उघड्या विहिरींची माहिती आज पाचपर्यंत. माहिती निरंक असल्यास निरंक म्हणून कळवावे.' आमचं आवार एवढं आहे की कबड्डीचा पट्टा आखला तर गेट उघडत नाही. तिथे विहीर कुठून येणार? तरी निरंकचा तक्ता भरला, छापला, शिक्का मारला, सरांच्या गाडीवरून पाठवला. पेट्रोल सरांचं.

फोटोंचं तर विचारू नका. झाड लावताना फोटो, हात धुताना फोटो, प्रतिज्ञा म्हणताना फोटो. एकदा हात धुण्याचा फोटो काढायचा होता आणि नळाला पाणी नव्हतं. उजनी भरलेली असो की रिकामी, आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, हे तुमच्याही घरी माहीत असेल. बाईंनी पिण्याच्या टाकीतलं पाणी तांब्याने ओतून घेतलं आणि फोटो काढला. त्या दिवशी त्या माझ्याशीही नीट बोलल्या नाहीत.

याच कायद्याच्या 27 व्या कलमात लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये. या तिन्हींबद्दल माझी तक्रार नाही. देशाची कामं आहेत, कुणाला तरी करावी लागतील. पण हे रोजचे फोटो आणि तक्ते या तिन्हींपैकी कशात बसतात, ते कळवावं. निरंक असल्यास निरंक कळवावं.

जानेवारीतला एक खुलासाही या निमित्ताने आठवला. संक्रांतीच्या आठवड्यात उपस्थिती कमी का, म्हणून बाईंना विचारणा झाली होती. साहेब, तुम्ही सोलापुरात राहता. त्या दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा असते. सात नंदीध्वज 68 लिंगांना फिरतात, घरात पाहुणे असतात आणि संध्याकाळी सगळं गाव गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, असतं. त्या आठवड्यात पोरं का येत नाहीत हे लेखी विचारणारा माणूस गड्ड्यावर पाळण्यात बसलेला मी स्वतः पाहिला आहे. नाव सांगत नाही.

एक जुनी गोष्ट, माझ्या धंद्यातली. 2024-25 च्या वर्षी गणवेश समितीने घ्यायचा सोडून वरून एकसारखा देण्याचं ठरलं होतं. आमच्या शाळेत तो आला तेव्हा पंधरा ऑगस्ट उलटून गेला होता. दुसरीच्या पोराची बाही मनगट ओलांडून खाली, पाचवीच्या पोराचा शर्ट पँटमध्ये खोचता येईना. मी तीन संध्याकाळी शाळेत मशीन नेऊन बाह्या दुमडून दिल्या. ज्याने एकदाही पोरांना रांगेत उभं करून टेप लावलेली नाही, त्याने माप ठरवलं की असंच होतं. पुढच्या वर्षी ते काम परत समित्यांकडे दिलं. म्हणजे चूक कळली तर निर्णय मागे घेता येतो, हे सरकारने आम्हाला दाखवलेलं आहे.

आता माझी खरी तक्रार. मुलीला भागाकार येत नाही. दोन अंकी संख्येने भागायचं म्हटलं की वही मिटते. मी बाईंवर चिडलो होतो. आमचं पूर्वीही एकदा वाजलंय, चेकवरून. बाई कडक आहेत, कुणाचं ऐकून घेत नाहीत, आणि संगणकावर त्यांचं एक बोट चालतं, हेही खरं. मी काही त्यांची आरती ओवाळायला बसलेलो नाही. पण मुलीला म्हटलं, आठवडाभर एक काम कर. बाई वर्ग सोडून बाहेर गेल्या की वहीच्या मागच्या पानावर एक रेघ मार. पोरांना शाळेत ताळ्याच्या खुणा शिकवलेल्या असतात, चार उभ्या आणि पाचवी आडवी. शनिवारी पान पाहिलं. पाच-पाचच्या तीन जुड्या आणि वर दोन. सतरा वेळा. पोरगी हुशार, तिने प्रत्येक खुणेखाली कारणही लिहिलेलं: 'गॅस टाकी आली', 'दाखला मागायला काका आले', 'फोन', 'फोन', 'मिटिंग', 'पाणी मोटर', 'बाळू उलटी', 'फोन'. मंगळवारी भागाकाराचं एक उदाहरण फळ्यावर अर्धं सोडवलेलं होतं, ते गुरुवारपर्यंत तसंच होतं, असं ती म्हणाली. कुणी पुसलंही नाही, कारण 'बाई येऊन पूर्ण करणार होत्या.'

यातल्या उलटी झालेल्या पोरासाठी बाई उठल्या, त्याचं मला काही वाटत नाही. पाण्याच्या मोटरसाठी उठल्या, तेही ठीक. शाळा चालवायची म्हणजे हे करावंच लागतं. सकाळी पावणेदहाला कुलूप काढण्यापासून संध्याकाळी मुतारीत पाणी टाकलं की नाही हे बघेपर्यंत सगळं मोठ्या बाईंचंच काम. गैरहजर पोराच्या घरी निरोप धाडायचा. नवरा-बायकोच्या भांडणात पोरगं कुणाकडे सोडायचं ते ठरवायचं. सहा महिन्यांसाठी तेलंगणात गेलेलं कुटुंब परत आलं की त्यांच्या मुलाला वर्गात कुठे बसवायचं ते बघायचं. हे कुठल्या पोर्टलवर भरता येत नाही आणि भरायला सांगूही नका. माझं भांडण त्या पानावरच्या 'फोन' या शब्दाशी आहे.

मागण्या पाच आहेत. समितीच्या सभेत ठराव करून मांडतोय.

बाईंना दिलेली नोटीस लेखी मागे घ्यावी, आणि सेवापुस्तकात त्याची नोंद जाऊ नये.

मुलं शाळेत आहेत तोवर, म्हणजे परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत, माहिती मागू नये. आहाराची माहिती भरायला संध्याकाळपर्यंतची मुदत द्यावी. अपघात, साथ, अतिवृष्टी यांसाठी फोन करा, बाई काय मीसुद्धा उचलेन.

जी माहिती एकदा पोर्टलवर भरली ती पुन्हा कागदावर मागू नये. तुमच्याच कार्यालयातल्या दुसऱ्या टेबलावर ती असते. टेबल ते टेबल चालत जायला शाळेचं पेट्रोल लागत नाही.

संचमान्यतेत बाकावर बसलेली मुलं मोजावीत. कागद जुळायला हवेत हे मान्य आहे, पण त्यासाठी शाळेतच दोन दिवसांचं आधार शिबिर लावा, संध्याकाळी, आयांची विडी न बुडवता. खोली आम्ही देऊ, चहा आम्ही देऊ, रांग मी लावतो. नऊच्या नऊ मुलं त्या दिवशी हजर करण्याची जबाबदारी समितीची.

शिक्षकाची रिकामी जागा भरावी, आणि मुख्याध्यापकाचं पद मिळेपर्यंत आजूबाजूच्या चार-पाच शाळांना मिळून एक लिपिक द्यावा. आठवड्यातून एक दिवस आला तरी चालेल. तक्ते तो भरेल, बाई वर्गावर जातील.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर समितीची सभा आहे. आपण किंवा आपला प्रतिनिधी यावा ही विनंती. आलात तर नोटीस आणि खुलासा दोन्ही सभेपुढे वाचू. नाही आलात तरी वाचू आणि काय ठरलं ते कळवू.

आपला,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
(व्यवसाय: कटिंग मास्टर)
सोलापूर

सोबत: 1) समितीच्या ठरावाची प्रत, अकरा सह्या व दोन अंगठे. 2) इयत्ता पाचवीच्या गणिताच्या वहीतील शेवटच्या पानाची झेरॉक्स.